दोन माता, एक स्वर



आदर्श मातापित्यांच्या कथा आपण याच शाळेच्या बाकांवर ऐकल्या. पुढे मी बाप झालो, लेखन बाजूस ठेवून शिकवण्या धरल्या, आणि ‘हे सारे तुझ्यासाठी’ असे मुलाला ऐकवीत राहिलो. त्या बोलण्याचा अर्थ उमगला तो आपल्याच गावातील एका घराचा इतिहास वाचताना. ते घर गंगूबाई हनगल यांचे.

गंगूबाईंचा जन्म १९१३ साली धारवाडास झाला. आई अंबाबाई कर्नाटक संगीतातील जाणत्या गायिका. मुलीला हिंदुस्थानी संगीताची तालीम मिळावी म्हणून १९२८ मध्ये हे कुटुंब हुबळीस आले. आपल्या गायकीची छाया तिच्या गळ्यावर पडू नये यासाठी अंबाबाईंनी स्वतःचे गाणे थांबविले. १९३२ मध्ये त्या निवर्तल्या.

गंगूबाईंचा संसार गुरुराव कौलगी यांच्याशी सोळाव्या वर्षीच सुरू झाला होता. एक मुलगी, दोन मुलगे झाले. पतीला व्यवसायात यश लाभले नाही. घरखर्चाचा भार मैफलींवर आला. गाणाऱ्या स्त्रीला समाज तेव्हा आदराने पाहत नसे. तरीही सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. मुलांसाठी गाणे सोडणे त्यांना परवडणारे नव्हते; गाण्यावरच मुलांचे अन्न होते.

म्हणजे एकाच घरात आईपणाची दोन रूपे दिसतात. एकीने मुलीसाठी आपला स्वर मिटविला. दुसरीने मुलांसाठी तो चालू ठेवला, आणि लेक कृष्णा हिला मैफलीत आपल्यामागे बसवून गावयास लावले. कृष्णाबाई २००४ मध्ये गेल्या. गंगूबाई २००९ मध्ये, हुबळीतच.

अंबाबाईंचा त्याग लहान लेखण्याचा माझा अधिकार नाही. त्यांच्यावाचून गंगूबाई घडल्या नसत्या. परंतु अशा त्यागाचे ओझे लेकराच्या माथी न ठेवणे सर्वांनाच साधत नाही; मला साधले नाही. ज्याच्यासाठी लेखन सोडले, त्या मुलाने बापाला लिहिताना कधी पाहिलेच नाही. आज तो स्वतः बाप होऊ घातला आहे. अंबाबाईंना वंदन करून, त्याला मी गंगूबाईंची गोष्ट सांगणार आहे.