तीन वर्षे दोन महिने : देवीच्या टोचणीचे गणित आणि कथन

अठराव्या शतकातील टोचणीवादाकडे वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः तो दोन कथनरीतींमधलाही वाद होता. (ही टोचणी जेन्नरपूर्व होय : रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत घालून सौम्य देवी आणण्याची रीत. १७९६ मध्ये जेन्नरने प्रयोगास आणलेली गोस्तन देवीची लस हिच्याहून निराळी आणि पुष्कळ सुरक्षित.)

१७६० मध्ये दानिएल बेर्नुली यांचा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आला. ब्रेस्लाव शहराच्या मृत्युनोंदींवरून हॅलीने केलेले कोष्टक त्यांनी आधाराला घेतले. देवी न आलेल्यांपैकी दरवर्षी आठांतील एकाला त्या येतात आणि आलेल्या आठांतील एक दगावतो, असे त्यांनी गृहीत धरले. देवी नाहीशा झाल्या तर सरासरी आयुर्मान २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाते, हा त्यांचा निष्कर्ष. टोचणीने दोनशेंत एक मृत्यू धरला तरी या तीन वर्षे दोन महिन्यांच्या लाभात फारशी घट येत नव्हती. टोचलेल्या माणसापासून इतरांना लागण होऊ शकते, ही गोष्ट मात्र या हिशेबात कोठेच नाही.

त्याच वर्षी दालांबेर यांनी आक्षेप घेतला. ते टोचणीचे विरोधक नव्हते. त्यांना खटकत होते ते हिशेबाचे रूप. तीस वर्षांच्या माणसाला टोचणीतला धोका महिन्याभरात भोगायचा असतो. मिळणारी वर्षे मात्र आयुष्याच्या शेवटी, म्हातारपणाला जोडून मिळणार. शासनाच्या दृष्टीने सर्व नागरिक सारखे असतात, व्यक्तीला मात्र स्वतःचा जीव इतरांच्या जिवासारखा मोजता येत नाही. बेर्नुलींच्या निबंधाला नायक नाही. दालांबेर यांना युक्तिवादासाठी एक तीस वर्षांचा माणूस कल्पावा लागला. कादंबरीच्या त्या शतकात हे घडावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

दोन्ही रीती एकाच लेखकात पाहायच्या तर बेंजामिन फ्रँकलिनकडे जावे. १७२१ च्या बोस्टनमधील साथीत ५८८९ जणांना देवी आल्या, ८४४ मेले. बॉयल्स्टन या वैद्याने अडीचशेच्या आसपास लोकांना टोचले, त्यांतील ६ दगावले. टोचणीविरुद्ध लिहिणारे वृत्तपत्र फ्रँकलिनच्या थोरल्या भावाचे होते आणि तो स्वतः तेथे उमेदवारी करीत होता. पुढे मत बदलले. १७५९ मध्ये त्याने टोचणीच्या पुस्तिकेला आकडेवारीसह प्रस्तावना लिहिली. पण १७३६ मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा देवीने गेला होता, न टोचलेला. उतारवयातल्या आत्मचरित्रात तो हे मोजक्या ओळींत सांगतो आणि त्यात आकडा एकही देत नाही. टोचणीने मूल गेले तर स्वतःला क्षमा करता येणार नाही, या भीतीने थांबलेल्या आईबापांना तो बजावतो की पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच, मग कमी धोक्याची वाट धरावी. निष्कर्ष बेर्नुलींचाच आहे. येथे तो बापाच्या अधिकाराने सांगितला जातो.

कृती आणि अकृती यांतले हे अंतर मराठीच्या क्रियापदांतच आहे. देवी ‘येतात’, त्यांना कर्ता माणूस नसतो. देवी ‘काढतात’, तेव्हा काढणारा असतो, म्हणून दोषही कोणावर तरी येतो. लस सुरक्षित झाल्यावरही हा प्रश्न मिटला नाही, उलट फिरून आला. अमेरिकेत १९४९ नंतर देवीची साथ नव्हती; तरी १९६८ मध्ये सुमारे १ कोटी ४२ लाख लोकांना लस दिली गेली आणि तिच्या उपद्रवांनी ९ मृत्यू झाले. रोगाच्या पारड्यात काहीच उरले नव्हते. १९७२ मध्ये तेथील सरसकट लसीकरण थांबले. भारतात मात्र शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळेपर्यंत तराजू अगदी वेगळा होता.

याच भारतात १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीच्या अंगावर गोस्तन देवीची लस प्रथम धरली. तिच्या दंडावरच्या फोडातील लस पुढे इतर मुलांना टोचली गेली आणि तेथून देशभर पसरली. त्या प्रयोगाची पत्रे, अहवाल, नोंदी यांत तिचे नाव आहे. तिचे स्वतःचे कथन कोठेही नाही.