पंचांनी मोजलेली बॅट

सॉफ्टबॉलचा प्रशिक्षक तावातावाने पंचांकडे धावत येतो, तेव्हा पंचांना आधी एकच गोष्ट ठरवायची असते: हा वाद नजरेचा आहे की नियमाचा? धावपटू चेंडूआधी बेसवर पोचला का, चेंडू स्ट्राइक होता का, हे झाले नजरेचे निर्णय. त्यांवर अधिकृत हरकत घेता येत नाही. पण पंचांनी नियमच चुकीचा लावला असं वाटलं, तर प्रशिक्षकाने पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी तसं सांगायचं. मग पंच आपसात बोलतात. तरीही वाद मिटला नाही, तर कितवी इनिंग, किती बाद, कुठल्या बेसवर कोण, हे सगळं टिपून खेळ पुढे चालू होतो. हरकतीचा निकाल नंतर लागतो.

एवढी टिपणं कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी सॉफ्टबॉलच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे बेसबॉलकडे जाऊ. सॉफ्टबॉल हा १८८७ मध्ये शिकागोत बेसबॉलमधूनच निघालेला खेळ.

२४ जुलै १९८३, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. नवव्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने होमरन मारला आणि ३-४ने मागे असलेला त्याचा संघ ५-४ने पुढे गेला. यांकीजचा मॅनेजर बिली मार्टिन लगेच पंचांकडे गेला. पकड घट्ट राहावी म्हणून बॅटला पाइन टार नावाचं चिकट डांबर लावतात. ते मुठीपासून १८ इंचांपलीकडे नको, असा नियम होता. पंच टिम मॅक्लेलंडने १७ इंच रुंद होम प्लेटवर बॅट आडवी ठेवून मोजली. डांबर बरंच पुढे गेलेलं. ब्रेट बाद, सामना संपला!

कॅन्सस सिटीने हरकत घेतली. लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी ती मान्य केली. मोजमाप बरोबरच होतं, पण डांबराने चेंडू काही जास्त लांब जात नाही. तेव्हा बॅट खेळातून काढायची, फलंदाजाला बाद द्यायचं नाही, असा नियमाचा अर्थ त्यांनी लावला.

१८ ऑगस्टला सामना त्याच क्षणापासून पुढे सुरू झाला. या वेळी पंच वेगळे होते. मार्टिनने आता नवीन मुद्दा काढला: ब्रेटने धावताना बेसला पाय लावलाच नव्हता! नव्या पंचांनी तर ते पाहिलेलंच नव्हतं. पण पंचप्रमुख डेव्ह फिलिप्सने खिशातून कागद काढला. ब्रेटने सगळ्या बेसना स्पर्श केला होता, असं पहिल्या पंचांचं सहीनिशी प्रतिज्ञापत्र! कॅन्सस सिटी ५-४नेच जिंकली.

बघा, एकाच सामन्यात दोन्ही प्रकारचे वाद आले. डांबराचा वाद नियमाच्या अर्थाचा होता, म्हणून तो वरच्या माणसाकडे गेला आणि निर्णय फिरला. बेसचा वाद नजरेचा होता. तिथे ज्यांनी पाहिलं त्यांचाच शब्द चालला. आम्ही प्रयोगशाळेतही निरीक्षण एका पानावर आणि अन्वयार्थ दुसऱ्या पानावर लिहितो, ते याचसाठी. अर्थ पुढे बदलू शकतो. पण मूळ नोंदच नसेल, तर नंतर कितीही हुशार माणूस आला तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

पुढच्या वेळी मैदानावर असा वाद दिसला, तर प्रशिक्षक काय म्हणतोय ते नीट ऐका. 'ती आउट नव्हती' म्हणतोय, की 'नियम तसा नाही'?