गेम खेळणारे आपण, मग गेम घडवणारे कोण?

"पोरगं दिवसभर मोबाईलवर गेम खेळतं" ही तक्रार आपल्या वस्तीत घरोघरी ऐकू येते. आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. तो गेम बनवतं कोण आणि बनवायला शिकवलं जातं कोणाला? उत्तर इतिहासात आहे.

१९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'स्पेसवॉर' हा गेम तयार झाला. तो ज्या पीडीपी-१ संगणकावर चाले, त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. ज्यांचा हात यंत्रापर्यंत पोहोचला, त्यांनीच नियम लिहिले. ही गुणवत्ता नव्हती असं आम्ही म्हणत नाही. पण गुणवत्तेआधी प्रवेश लागतो, हे विसरायचं नाही.

न्यूयॉर्कमध्ये हा प्रवेश लढून मिळवला गेला. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी हार्लेममधल्या सिटी कॉलेजचा परिसर ताब्यात घेतला. "आमच्या वस्तीतलं कॉलेज, मग वर्गात आमची मुलं का नाहीत?" हा त्यांचा सवाल होता. १९७० पासून शहरातल्या हायस्कूल उत्तीर्ण प्रत्येकाला सिटी विद्यापीठाची दारं उघडली. त्याच काळात, पोर्तो रिकन समाजाच्या रेट्यामुळे, दक्षिण ब्राँक्समध्ये होस्टोस कम्युनिटी कॉलेज उभं राहिलं. स्पॅनिश बोलणाऱ्या कष्टकऱ्यांना तिथं त्यांच्या भाषेचा आधार घेत शिकता आलं.

मग १९७६ उजाडलं. त्या वर्षी जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या नेतृत्वाखाली 'चॅनल एफ' बाजारात आला. कार्ट्रिज बदलून नवा गेम खेळता येणारं हे पहिलं घरगुती यंत्र. लॉसन न्यूयॉर्कच्याच सार्वजनिक महाविद्यालयांत शिकलेले. आणि त्याच वर्षी शहराच्या आर्थिक संकटाचं कारण देऊन सिटी विद्यापीठातलं मोफत शिक्षण संपवण्यात आलं! बहुजनांची मुलं आत आली की तिजोरी रिकामी होते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. होस्टोस तर बंदच करायचा घाट होता. विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतल्या लोकांनी इमारत ताब्यात घेतली, मोर्चे काढले. कॉलेज वाचलं.

आज त्याच होस्टोसमध्ये गेम डिझाइनचा दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्या वर्गातली बाकं १९७६ च्या आंदोलकांनी राखलेली आहेत.

याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शिक्षण कष्टकऱ्याच्या घड्याळाप्रमाणे चाललं पाहिजे, हाच कम्युनिटी कॉलेजचाही गाभा आहे.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, गेम डिझाइनला टाइमपास समजू नका. त्यात चित्रकला, ॲनिमेशन, कोडिंग, गणित, कथा सगळं आहे. आणि मुख्य म्हणजे नियम ठरवणं आहे. कोणाला हत्यार, कोणाला वाडा आणि कोणाला फक्त मरण्यापुरती भूमिका, हे बनवणारा ठरवतो. जन्मावर नियम ठरवणारा खेळ आपल्या पिढ्यांनी खूप सोसला.

पण खासगी संस्थांच्या लाखोंच्या फीपुढे हताश होऊन भागणार नाही. सरकारी महाविद्यालयांत, आयटीआयमध्ये हे अभ्यासक्रम स्वस्तात सुरू करा, शिष्यवृत्ती द्या, ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. ब्राँक्सची वस्ती लढली म्हणून तिथला वर्ग भरतो. आपला वर्ग आपण लढल्याशिवाय भरणार नाही.

जय भीम!