करवंदीवरचा पतंग आणि त्याची दोन नावे

करवंदीच्या पानांवर वाढणारा एक हॉक मॉथ सह्याद्रीत आढळतो. अंगाने भरदार, रंगाने तपकिरी, सोंड लांब. आज त्याचे शास्त्रीय नाव नेफिली हेस्पेरा. पण १७७५ सालच्या एकाच ग्रंथात डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने त्याला दोन नावे दिलेली आहेत: आधी स्फिंक्स डिडिमा, काही पानांनंतर स्फिंक्स हेस्पेरा. यातला डिडिमा पुढच्या पंखांवर चांदीसारखे ठिपके असणारा आणि हेस्पेरा बिनठिपक्यांचा, असे पुढच्या अभ्यासकांनी धरले. मग या दोन जाती, एका जातीच्या दोन उपजाती, की पतंग एकच?

निवाड्याचा पाया १९०३ साली घातला गेला. लंडनजवळच्या ट्रिंग येथील संग्रहालयातून वॉल्टर रॉथ्सचाइल्ड आणि कार्ल जॉर्डन यांनी जगभरच्या हॉक मॉथची फेरतपासणी प्रसिद्ध केली, पाने ९७२. त्यांचा दंडक कडक होता. उपजात म्हणजे जातीची प्रदेशागणिक बदललेली शाखा. एकाच मुलखात शेजारी शेजारी उडणारे वेगळे दिसणारे पतंग ही उपजात नव्हे, ते नुसते रूप.

हा दंडक अमेरिका खंडांतल्या एका पतंगावर नीट तपासता येतो. तंबाखू आणि टोमॅटोवर पडणाऱ्या हॉक मॉथला १७६३ साली लिनियसने सेक्स्टा हे नाव दिले होते. १७७९ मध्ये डच लेखक क्रॅमर याने पॅफस नावाची वेगळी जात मांडली. रॉथ्सचाइल्ड-जॉर्डन यांनी पॅफसला सेक्स्टाची दक्षिण अमेरिकी उपजात ठरवले, आणि आज मँडुका सेक्स्टा पॅफस या तीन पदरी नावाने ती ओळखली जाते. क्रॅमरचे नाव टिकले ते त्यामागे भूगोल होता म्हणून.

आपल्या करवंदीच्या पतंगाला हीच कसोटी लावली की उत्तर उलट येते. ठिपक्यांचे आणि बिनठिपक्यांचे पतंग त्याच मुलखात सापडतात. त्यामुळे ती रूपे ठरली, उपजाती नव्हेत. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण डोळ्यांना ठळक दिसणारा फरक बाजूला ठेवून तो पतंग कुठे मिळाला या नोंदीवर भिस्त ठेवायला धैर्य लागते.

अर्थात असे निवाडे कायमचे नसतात. मादागास्करच्या ऑर्किडची सुमारे एक फूट लांब मधुनलिका पाहून डार्विनने १८६२ साली तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असणार असे लिहिले होते. १९०३ च्या याच ग्रंथात तो प्रीडिक्टा नावाची उपजात म्हणून नोंदला गेला. २०२१ मध्ये त्याला स्वतंत्र जात मानले गेले.

पण ट्रिंगच्या संग्रहात मुख्यत्वे टाचणीला लावलेले पतंग होते. अळी कोणत्या झाडावर वाढते, तिच्या शेपटाशी असलेले शिंग कसे, कोष कुठे, हे सांगायला स्थानिक माणूस हवा होता. आपल्या भागासाठी तो टी. आर. डी. बेल यांच्या रूपाने मिळाला. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात नोकरी केलेले बेल १९२० मध्ये निवृत्त झाले आणि कारवारलाच राहिले. अळ्या पाळायच्या, रोज पाने घालायची, पतंग बाहेर पडेपर्यंत लक्ष ठेवायचे, हे त्यांचे खरे काम. झाडे ओळखणे हा तर वनाधिकाऱ्याचा पेशाच. मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला हॉक मॉथवरचा खंड १९३७ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत आला. त्यात आपला पतंग डिडिमा या नावाखाली आहे आणि अळीचे खाद्य म्हणून करवंदीची नोंद आहे. पुढे नाव बदलून हेस्पेरा झाले, डिडिमा समानार्थी नावांत गेले. करवंदीची नोंद मात्र खोडावी लागली नाही. १९४८ मध्ये बेल वारले.

बेल यांच्या नोकरीचा मुलूख मुंबई इलाख्यातला. त्याबाहेरचे गाव, उदाहरणार्थ बीदर जिल्ह्यातले चिंताकी, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत कारवार आणि बीदर दोन्ही म्हैसूर राज्यात गेले, पण बीदरकडच्या अळ्यांना बेल लाभले नाहीत.

बीदरकडच्या शेतकऱ्यांना आणि शाळामास्तरांना म्हणून एक विनंती. तिळाच्या पानांवर बोटाएवढी जाड, शेपटाशी वाकडे शिंग असलेली अळी दिसली, तर ती बहुधा अ‍ॅकेरोंशिया स्टिक्सची, म्हणजे पाठीवर कवटीसारखी खूण असणाऱ्या आणि पोळ्यात शिरून मध पिणाऱ्या हॉक मॉथची असते. फवारणीआधी एक फोटो काढा, आणि त्याखाली तारीख, गाव आणि पिकाचे नाव लिहून ठेवा.