बिशप क्राउथर व योरुबा भाषा

ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं आफ्रिकेंत काय केलें, या प्रश्नास आपल्याकडे बहुधा दोन ठराविक उत्तरें मिळतात. ज्या भाषांना लिपि नव्हती त्यांना त्यांनीं लिपि दिली, व्याकरणें रचिलीं, कोश छापले व शाळा घातल्या, हें एक उत्तर. आणि राज्यकर्त्यांची वाट मोकळी करून देण्यासाठीं त्यांनीं तेथील देव, चालीरीति व नांवें बुडविलीं, हें दुसरें. दोन्ही उत्तरांस आधार आहे. परंतु दोहोंतही एक समान दोष आहे. दोन्ही ठिकाणीं करणारा तो युरोपियन, आणि आफ्रिकन मनुष्य केवळ घेणारा किंवा गमावणारा. पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांचा इतिहास आम्हीं जसजसा पाहिला, तसतशी ही समजूत आम्हांस सोडून द्यावी लागली. कारण त्या भाषेचा पहिला मोठा कोशकार व व्याकरणकार, आणि तींतील बायबलाचा प्रमुख भाषांतरकार, हा त्याच मातींत जन्मलेला व लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला एक पुरुष होता.

अजायी याचा जन्म आजच्या नायजेरियांतील ओशोगुन या गांवीं १८०९ च्या सुमारास झाला. जुन्या ओयो साम्राज्याची घडी त्या वेळीं मोडली होती व चहूंकडे लढाया माजल्या होत्या. १८२१ सालीं गुलाम धरणाऱ्या टोळ्यांनीं गांव उद्ध्वस्त केलें आणि आईबहिणींबरोबर हाही मुलगा त्यांच्या हातीं सांपडला. एकदां घोड्याच्या बदल्यांत, एकदां दारू व तंबाखूच्या बदल्यांत, असा हातोहात विकला जाऊन तो लागोसच्या किनाऱ्यास पोंचला व एका पोर्तुगीज जहाजावर चढविला गेला. ज्या ब्रिटननें १८०७ पर्यंत हा व्यापार स्वतः केला होता, त्याच ब्रिटनच्या आरमारानें १८२२ च्या एप्रिलांत तें जहाज अडविलें आणि सुटलेल्या गुलामांस सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथें उतरविलें. तेथें चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेंत अजायी लिहिण्यावाचण्यास शिकला. १८२५ सालीं बाप्तिस्मा घेऊन, एका इंग्रज पाद्र्याच्या नांवावरून, तो सॅम्युएल क्राउथर झाला. १८२७ त निघालेल्या फूरा बे कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांत त्याची गणना होते.

हा प्रकार आपणां महाराष्ट्रीयांस अगदींच परका आहे असें नाहीं. पूर्व आफ्रिकेच्या बाजूस गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं मुलें याच सोसायटीनें नाशिकजवळ शरणपूर येथें ठेवून शिकविलीं. त्यांतील कांहीं १८६४ सालीं मोंबासाजवळच्या राबाई येथें मिशनच्या कामास परत गेलीं. आणि लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर १८७४ त इंग्लंडास गेलेला जेकब वेनराइट हाही शरणपूरच्या शाळेंतलाच.

फ्रीटाउन ही त्या काळीं जणूं आफ्रिकन भाषांची पेंठच झाली होती. कोएले नांवाच्या जर्मन मिशनऱ्यानें तेथल्या सुटलेल्या लोकांस विचारून शंभरांहून अधिक भाषांतले शब्द गोळा केले व १८५४ सालीं प्रसिद्ध केले. १८४१ च्या नायजर नदीवरील सफरींत क्राउथर होता. अंतर्भागांत उपदेश करावयाचा तर तो तेथल्या मनुष्यांनीं, तेथल्याच भाषेंत केला पाहिजे, असा या सफरीचा निष्कर्ष निघाला. १८४३ सालीं क्राउथरला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षीं त्याचा योरुबा शब्दसंग्रह छापून निघाला. पुढें तो अबेओकुटा येथें राहावयास गेला. तेथें १८४६ च्या ऑगस्टांत त्याची व त्याच्या आईची पंचवीस वर्षांनीं भेट झाली. गुलामगिरींतून सुटून ज्या नव्या धर्मांत मुलगा शिरला होता, त्याच धर्मांत दोन वर्षांनीं आईही आली.

योरुबा ही स्वरांच्या उंचसखलपणावर अर्थ ठरविणारी भाषा होय. ‘ओको’ या एकाच अक्षरजोडीचा अर्थ आवाज चढवाल वा उतरवाल त्याप्रमाणें नवरा, कुदळ, भाला किंवा होडी असा बदलतो. इंग्रजी लिपींत हें बसवावयाचें म्हणजे अक्षरांखालीं टिंबें व माथ्यावर चिन्हें द्यावीं लागलीं. ही व्यवस्था कोणा एकट्याची नव्हे. ती मिशनऱ्यांच्या वादविवादांतून हळूहळू ठरली, आणि १८७५ सालीं लागोस येथें भरलेल्या लेखनविषयक परिषदेचें अध्यक्षपद क्राउथरकडेच होतें. भाषांतर करतांना वृद्ध माणसांच्या तोंडचे जुने शब्द तो टिपून ठेवी, आणि ख्रिस्ती नसलेल्यांच्या बोलण्याकडेही कान देई. संपूर्ण योरुबा बायबल १८८४ त पुरें झालें. लेखनिष्ठ वाङ्मयाची परंपरा नसलेल्या भाषेंत हा ग्रंथ म्हणजेच शिष्ट भाषेचा नमुना होऊन बसला.

येथेंच खरा प्रश्न उपस्थित होतो. परधर्माच्या कल्पना स्वभाषेंत आणतांना शब्द कोठून घ्यावयाचे? परमेश्वरासाठीं क्राउथरनें ‘ओलोरुन’, म्हणजे आकाशाचा स्वामी, हा योरुबांचाच शब्द ठेविला. योरुबांत इस्लाम आधींच पसरत होता; त्यामुळें प्रार्थनेस ‘आदुरा’, पाद्र्यास ‘आलुफा’ व संदेष्ट्यास ‘वोली’ हे मुसलमानी वळणाचे रुळलेले शब्द त्यानें मोकळेपणानें उचलले. मात्र दुरात्म्यासाठीं जो शब्द रूढ झाला, तो ‘एशू’. एशू हा योरुबांचा चौरस्त्यावरचा व बाजारांतला देव. मनुष्यानें दिलेला नैवेद्य इतर दैवतांस पोंचविणारा, खोडकर, प्रसंगीं फसविणारा, पण देवलोकाची शिस्त राखणारा दूत. त्याचा वांटा दिल्यावांचून पूजा सफल होत नाहीं. तो दुष्टतेची मूर्ति कधींच नव्हता. आपल्याकडील बायबलांत या ठिकाणीं अरबीफारशीच्या वाटेनें मराठींत आधींच आलेला ‘सैतान’ हा शब्द आहे. त्याऐवजीं आपल्या गांवच्या वेशीवरील एखाद्या देवाचें नांव तेथें छापलें गेलें असतें, आणि शंभर वर्षें शाळेंतील मुलांनीं तेंच वाचलें असतें, तर त्या देवाची आज काय गत झाली असती, याची कल्पना वाचकांनींच करावी.

हा अपघात एकट्या योरुबांच्याच वांट्यास आला असें नव्हे. दक्षिणेकडे कुरुमन येथें रॉबर्ट मॉफटनें त्स्वाना भाषेंतील बायबल १८५७ सालीं पुरें केलें. तेथें ‘बादिमो’ हा शब्द भुतांसाठीं योजिला गेला. आणि बादिमो म्हणजे त्स्वानांचे पूर्वज, घराचें रक्षण करणारे पितर. कोशांतील एका ओळीनें पितरांचीं भुतें झालीं. मॉफट परका होता, म्हणून त्यास हें कळलें नाहीं असें म्हणतां येईल; परंतु क्राउथर तर घरचाच होता. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, प्रश्न केवळ परकेपणाचा नसून दृष्टीचा आहे. ज्याला जुनें सर्व अंधार वाटतें, त्याला स्वतःच्या आईच्या भाषेंतही अंधारच सांपडतो.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘योरुबा’ हें नांव मुळांत हौसा लोक ओयोच्या लोकांस लावीत. एग्बा, इजेबू, एकिटी हे आपापल्या नांवानेंच ओळखले जात, आणि १८७७ पासून सोळा वर्षें चाललेल्या युद्धांत ते एकमेकांविरुद्धच लढले. या भांडणाऱ्या लोकांपुढें, मुख्यतः ओयोकडील बोलीवर आधारलेली, एक छापील भाषा आली. १८५९ सालीं टाउन्सेंड या मिशनऱ्यानें अबेओकुटा येथें ‘इवे इरोहिन’ हें योरुबा वृत्तपत्र काढलें. आपण सर्व एक आहों ही जाणीव रुजविण्यांत या छापील भाषेचा वांटा मोठा आहे. उलट आजच्या झिंबाब्वेंत निरनिराळ्या मिशनांनीं शोना भाषेच्या निरनिराळ्या बोली उचलून त्यांचीं निरनिराळीं पुस्तकें केलीं, आणि तीं एकत्र आणण्याचा मार्ग सुचविण्यासाठीं क्लेमंट डोक या भाषापंडितास १८३१ नव्हे, तर शंभर वर्षांनीं, १९३१ सालीं अहवाल लिहावा लागला. म्हणजे छापखाना जोडतोही आणि तोडतोही.

क्राउथरचा शेवट मात्र दुःखद झाला. आफ्रिकेंतील चर्च आफ्रिकनांनींच चालवावें, असें सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचें मत होतें. त्यांच्याच आग्रहानें १८६४ सालीं क्राउथर अँग्लिकन पंथाचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. १८७३ त व्हेन वारले. पुढें साम्राज्याचा मद चढलेल्या पिढींतील तरुण इंग्रज मिशनरी नायजरवर आले. त्यांनीं क्राउथरच्या हाताखालील आफ्रिकन माणसांवर दोषारोप करून १८९० त एकामागून एकास दूर केलें. वृद्ध बिशपनें समितीचा राजीनामा दिला व १८९१ च्या अखेरच्या दिवशीं त्याचें देहावसान झालें. त्याच्या जागीं इंग्रज बिशप नेमण्यांत आला. ज्या धर्मानें त्यास मनुष्य म्हणून उभें केलें, त्याच्याच प्रचारकांनीं त्याचा कातडीचा रंग पाहिला.

या अपमानाचा परिणाम निराळाच झाला. लागोसच्या सुशिक्षित ख्रिस्ती लोकांत स्वत्वाची जागृति अगोदरच सुरू झाली होती, ती बळावली. डेव्हिड व्हिन्सेंट या बाप्टिस्ट पुढाऱ्यानें १८९४ सालीं इंग्रजी नांव टाकून मोजोला अग्बेबी हें नांव घेतलें. ओयोचे पाद्री सॅम्युएल जॉन्सन यांस अशी खंत होती कीं, आपल्या शिकलेल्या लोकांस ग्रीस, रोम व इंग्लंडचा इतिहास ठाऊक आहे, पण स्वतःचा नाहीं. त्यांनीं वृद्धांच्या व राजदरबारच्या भाटांच्या तोंडून ऐकून योरुबांचा इतिहास १८९७ त लिहून पुरा केला. हस्तलिखित इंग्लंडांत गहाळ झालें, जॉन्सनही वारले, त्यांच्या भावानें टिपणांवरून तें पुन्हां लिहून काढलें व १९२१ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३८ त फागुन्वा या शिक्षकाची योरुबांतील पहिली प्रसिद्ध कादंबरी निघाली, ती मिशनच्याच छापखान्यांत. आणि तींतलें अरण्य मात्र जुन्या देवाभुतांनींच भरलेलें आहे. एका ग्रंथासाठीं घडविलेली लिपि अशी दुसऱ्या ग्रंथांच्या कामीं आली.

तेव्हां मिशनऱ्यांनीं आफ्रिकेचें भलें केलें कीं बुरें, हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. लिपि व कोश यांचें ऋण खरें आहे, आणि एशूवर झालेला अन्यायही खरा आहे. एकाचा आंकडा दुसऱ्यांतून वजा करतां येत नाहीं. आज अनेक योरुबा अभ्यासक व दैवतोपासक एशू म्हणजे सैतान नव्हे हें आग्रहानें सांगत आहेत, व कोशांतला तो अर्थ बदलावा असें म्हणत आहेत. ही मागणी ते ज्या लिपींत लिहितात, ती क्राउथरनें व त्याच्या सहकाऱ्यांनीं बसविलेली आहे. आपल्या पूर्वजाच्या ग्रंथांतली चूक त्याच्याच लेखणीनें दुरुस्त करणें, यांत कृतघ्नता नाहीं. आम्हांस तर त्यांत क्राउथरचें काम पुढें चालू असलेलें दिसतें.