ताग्यावरचं तिकीट आणि स्टार्टअपचा लोगो

लोथलच्या वखारीत मातीचे साठाहून अधिक छोटे ठसे सापडले. पुढून पाहिलं तर हडप्पाकालीन मुद्रेची खूण दिसते. उलटून पाहिलं की मागे कापडाच्या विणीचे, बोरूच्या चटईचे आणि सुतळीचे वळ उमटलेले दिसतात. माल गाठोड्यात बांधायचा, दोरीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर मुद्रा दाबायची, अशी ही पद्धत. वखारीला आग लागली, माती भाजली गेली आणि म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. अशाच मुद्रा मेसोपोटेमियातल्या उर शहरातही मिळाल्या आहेत. तिकडच्या घेणाऱ्याला त्यावरची लिपी वाचता येत असेलच असं नाही, पण त्यावरचा प्राणी तो नक्कीच ओळखत असणार.

नवी कंपनी काढणारी मुलं लोगो ठरवायला बसतात तेव्हा त्यांची पहिली मागणी बहुधा अशी असते, की आमचा सगळा विचार त्यात दिसला पाहिजे. वेग हवा, विश्वास हवा, तंत्रज्ञान हवं आणि शिवाय मातीशी नातंही हवं. मग बाण, पान आणि सर्किट एकाच वर्तुळात कोंबले जातात. चिन्हाची वंशावळ मागे मागे पाहत गेलं तर ही मागणी फार अलीकडची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हजारो वर्षं चिन्हाचं काम एकच होतं: हा माल अमक्याचा, तमक्याचा नव्हे, एवढं सांगणं.

आणि जिथे खूण आली तिथे नक्कलही आली. रोमन काळात ‘फोर्टिस’ या नावाचे मातीचे दिवे इतके खपले, की साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत दुसरेच लोक ते नाव उमटवून दिवे विकू लागले. पुढे खूण मालाच्या आतही शिरली: तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या फाब्रियानोच्या कागदकारांनी कागदातच जलचिन्ह उमटवायला सुरुवात केली.

आपल्याकडे या खुणेला खरा बहर आला तो कापडाच्या बाजारात. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून येणाऱ्या प्रत्येक ताग्याच्या दर्शनी घडीवर एक रंगीत तिकीट चिकटवलेलं असे. शिळाछापाचं, अनेक रंगांत, कधी सोनेरी कडेचं. त्यावर हत्ती, वाघ, मोर, राजे-महाराजे, राधाकृष्ण. राली ब्रदर्ससारख्या पेढ्या ही तिकिटं खास हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी छापून घेत. गावाकडच्या बाईला पेढीचं नाव ठाऊक नसे आणि असण्याची गरजही नसे. मागच्या वेळचं लुगडं चांगलं टिकलं, त्यावर मोर होता, तर यंदाही मोराचंच हवं. मोराचा सुताशी काही संबंध नव्हता. त्याच्यावरचा विश्वास धुण्यात न विटलेल्या कापडाने मिळवून दिलेला होता. मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा त्यांनीही हीच रीत उचलली. पुढे ही तिकिटं जमवणारे शौकीन झाले, काही घरांत ती चौकटीत बसली. पण विकत घेणाऱ्यासाठी ती ओळखीची खूण होती, आणि माझ्या लेखी हेच तिचं मोठेपण.

अशा खुणा इतक्या झाल्या, की ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा झाल्यावर सुती मालासाठी मँचेस्टरला वेगळी शाखा उघडावी लागली. तो कायदा १८७५ चा. १ जानेवारी १८७६ पासून नोंदवही सुरू झाली आणि तिच्यातलं पहिलं चिन्ह होतं बास या बिअरवाल्यांचा लाल त्रिकोण. नुसता त्रिकोण. एदुआर माने या चित्रकाराच्या १८८२ च्या प्रसिद्ध चित्रात, पॅरिसमधल्या बारच्या फळीवर, तीच बाटली त्रिकोणासकट उभी आहे. हिंदुस्थानात खोट्या खुणांविरुद्धचा कायदा १८८९ मध्ये आला. चिन्हांच्या नोंदणीचा कायदा मात्र १९४० मध्ये झाला.

दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. आजच्या भाषेत तोही स्टार्टअपच. त्यांची पहिली खूण होती घोडा, मग फाउंटन पेनच्या शाईसाठी उंट आला. त्या ‘कॅमल’वरूनच पुढे ‘कॅमलिन’ झालं. घोडा काय किंवा उंट काय, शाईशी दोघांचंही नातं नाही. तरी महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्यांनी कंपासपेटीवरचा तो उंट पाहिल्याबरोबर ओळखला. गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये १९४२ साली चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. त्यांचा गट्टू, म्हणजे हातात ब्रश घेतलेला तो खोडकर पोरगा, आर. के. लक्ष्मण यांनी काढला तो १९५४ मध्ये. नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस ५०० रुपये. आधी बारा वर्षं रंग विकला गेला, मग त्याला चेहरा मिळाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मग चिन्हात कंपनीचा विचार दिसावा ही अपेक्षा कुठून आली? त्याची मुळं जर्मनीत आहेत. १९०७ मध्ये एईजी या वीज कंपनीने पेटर बेरेन्स यांना नेमलं. त्यांनी बोधचिन्ह, जाहिराती, किटल्या, दिवे आणि बर्लिनमधली टर्बाइनची शेडसुद्धा एकाच शिस्तीत आणली. खूण मालावरून उठून कंपनीवर जाऊन बसली. अमेरिकेत पॉल रँड यांनी आयबीएमसाठी हीच वाट रुळवली. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या ‘नेक्स्ट’ या नव्या कंपनीसाठी त्यांनी एकच चिन्ह दिलं, दुसरा पर्याय नाही, आणि १ लाख डॉलर घेतले. कंपनी गाजली ती मात्र तिच्या सॉफ्टवेअरमुळे. त्याउलट, १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने नायकेची ती बाकदार रेघ ३५ डॉलरमध्ये काढून दिली. कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट यांना ती तेव्हा फारशी आवडलीही नव्हती. ॲपलचं १९७६ चं पहिलं चिन्ह म्हणजे झाडाखाली बसलेला न्यूटन, भोवती चौकट, चौकटीवर ओळी. सगळा अर्थ ठासून भरलेला, पण लहान केला की काहीच दिसत नसे. वर्षभरात रॉब जॅनॉफ यांचं चावलेलं सफरचंद आलं. चावा कशासाठी, तर ते चेरी वाटू नये म्हणून. माझ्या मते लोगोच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे, कारण तो ओळख पटावी एवढ्याचसाठी घेतलेला आहे.

आज मोबाइलच्या पडद्यावर चिन्हाला नखाएवढी जागा मिळते. म्हणजे ताग्यावरच्या तिकिटाहूनही कमी.

आपल्याकडे चिन्ह नोंदवायला स्टार्टअपला ऑनलाइन अर्जासाठी माल-सेवेच्या एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात, मोठ्या कंपनीला ९,०००. एकूण ४५ वर्ग. ॲप असेल तर बहुधा ९ आणि ४२. शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र व्यापारी चिन्हात घ्यायला १९५० च्या कायद्याने मनाई आहे, हे आपल्याकडच्या अनेक उत्साही तरुणांना अर्ज करतानाच कळतं. चित्र असेल तर त्यात काय दिसतं यावरून त्याला व्हिएन्ना कोड दिला जातो: माणसं २ मध्ये, प्राणी ३ मध्ये, झाडं-फळं ५ मध्ये. तुमच्या पानामागचा विचार तिथे कुणी विचारत नाही; आधीची पानं काढून शेजारी ठेवतात. मग जर्नलमध्ये प्रसिद्धी आणि हरकतींसाठी चार महिने. हरकतीचा निवाडा कसा करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादात सांगून ठेवलं आहे. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून बारकाईने ताडून पाहणारा माणूस तिथे गृहीत धरलेला नाही. धरलं आहे ते साधारण बुद्धीचं, बेसावध, मागच्या खरेदीची अर्धवट आठवण घेऊन दुकानात आलेलं गिऱ्हाईक.