फाळक्यांचा कृष्ण : एक मुलगी

१/ इ.स. १९१३. ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीसाठी दादासाहेब फाळके यांना एकही स्त्री मिळाली नाही. तोंडाला रंग लावणे घरंदाज स्त्रीला लाजिरवाणे मानले जाई. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

२/ त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मधून दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. तरीही प्रथा ढळली नाही. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या.

३/ १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये मात्र उलट घडले. बाळकृष्ण झाली फाळक्यांची सातएक वर्षांची मुलगी, मंदाकिनी.

४/ हे लपवले गेले नाही. आरंभीच मंदाकिनी चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते आणि पाहता पाहता तिचाच कृष्ण होतो. प्रेक्षकाला आधी मुलगी दिसते, मग देव. पुढे कालियाशी झुंजणारा कृष्ण कोण आहे, हे त्याला ठाऊकच असते.

५/ आता विज्ञानकथेकडे वळू. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. तिचा परग्रहवासी नायक १९६६ पासून मरणाच्या दारात शरीर पालटतो आणि नवा नट येतो. तरीही या भूमिकेसाठी जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीची निवड जाहीर व्हायला २०१७ उजाडले, आणि वादही झाला.

६/ मंदाकिनी लहान होती, शिवाय दिग्दर्शकाची लेक. प्रौढ स्त्रीला ती मुभा सहज मिळाली नसती. पण अडसर कथेत कधीच नव्हता, तो भूमिका वाटणाऱ्यांच्या मनात होता.